आईला विचारा, पण तिच्या ओसरीवर

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांमध्ये एक प्रश्नावली घेऊन फिरत होते. अंगणवाडीच्या सेवांबद्दल आयांना काय वाटतं, हे टिपायचं काम होतं. चौथ्या पानावर प्रश्न होता : ‘अंगणवाडीतून मिळणाऱ्या सेवांबद्दल आपण समाधानी आहात का?’ खाली पाच चौकटी, ‘अतिशय समाधानी’पासून ‘अतिशय असमाधानी’पर्यंत. एका गावात दुपारपर्यंत पंधरा बायांशी बोलून झालं आणि पंधराही जणींची खूण वरच्या दोन चौकटींत पडली. शब्दही जवळपास तेच. “चांगलं हाये जी. काही तरास नाही.”

संध्याकाळची बस चुकली म्हणून त्यांतल्याच एकीच्या ओसरीवर बसले. चहा झाला, प्रश्नावली पिशवीत गेली, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. “सकाळी सांगतलं ते लिवलं ना तुमी? राहू द्या तसंच. पण अंगणवाडीच्या आहाराचं पाकीट आमचं लेकरू खात नाही. दोन घास घेते आन् थुकून देते. मंग बकरीले टाकतो. वजनाचं म्हणसान तर काट्यात बसवते, वहीत लिवते. किती भरलं ते काही सांगत नाही.” मग हे सकाळी का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “सेविकाबाई माह्या मोठ्या जावेची बहीण हाये. तिथंच बसून होती ना ती. तुमी निंगून जासान, मले इथंच राहायचं हाये.”

मी तिची सकाळची खूण बदलली नाही. नियमात ते बसत नव्हतं. पण आया समाधानी आहेत असं सांगणारा कोणताही अहवाल हाती आला की तेव्हापासून मी आधी हे पाहते, की विचारलं कुठे, कुणी, आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं. बहुतेक ठिकाणी पाहणी करणारे अंगणवाडीमार्फतच गावात शिरतात. सेविका आयांना बोलावून आणते, मुलाखत अंगणवाडीच्याच खोलीत होते, आणि उत्तर देणारीला उद्या त्याच खोलीतून आहार न्यायचा असतो. अशा जागी मिळालेल्या ‘हो’ला मी समाधान म्हणणार नाही. तो शेजारधर्म आहे, सावधपणा आहे, आणि पाहुण्या बाईचा मान राखणंही आहे. या तिन्ही गोष्टी चांगल्याच, पण त्यांवरून योजना कशी चालली आहे ते कळत नाही.

अंगणवाडी ज्या योजनेतून चालते तिच्याशी विदर्भाचा संबंध जुना आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात 33 प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत मेळघाटातलं धारणी होतं. म्हणजे धारणीच्या कोरकू गावांत आजी, आई आणि लेकरू अशा तीन पिढ्यांना अंगणवाडी ठाऊक आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळेआधीचं शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखाली आणण्याची ती कल्पना मोठी होती, आजही आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.2 टक्के वयाच्या मानाने खुरटलेली आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली निघाली. अगदीच रोडावलेल्या मुलांचं प्रमाण चार वर्षांआधीच्या पाहणीत 9.4 टक्के होतं, ते 10.9 वर गेलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्त कमी असलेली 68.9 टक्के. ही सगळ्या राज्याची सरासरी आहे, मुंबई-पुणे धरून. एकीकडे हे आकडे आणि दुसरीकडे ‘चांगलं हाये जी’. यांतलं काहीतरी आपण नीट ऐकलेलं नाही.

बाया घाबरून गप्प बसतात, एवढंच कारण धरून चालणार नाही. आपल्याला नेमकं काय मिळायला हवं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, गरोदर आणि स्तनदा बाईला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित बाळाला 800 कॅलरी, असं माप ठरलेलं होतं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क झाला; 2023 मध्ये ते माप सुधारलं गेलं. 2017 मध्ये त्यासाठी माणशी रोजचा दर ठरला : मुलाला 8 रुपये, बाईला साडेनऊ, तीव्र कुपोषित बाळाला 12. मी फिरले त्या गावांत हे एकाही आईला माहीत नव्हतं. “सरकार देते तेच लय झालं” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी ते वहीत लिहिणं सोडलं. आपलं माप माहीत नसेल, तर कमी पडलं हे आईला कळणार कसं? रेशन दुकानात भावफलक लावावा लागतो. अंगणवाडीच्या भिंतीवर फळं-भाज्यांची चित्रं छान रंगवलेली असतात, पण लेकराच्या वाट्याचा आहार किती, हे तिथे कुणी लिहीत नाही.

एका गावात बारावी शिकलेली एक सून भेटली. तिने एकटीने धडाधड तक्रारी सांगितल्या : वजनकाटा बिघडला आहे, मुलं नुसती बसून असतात, दंडाची पट्टी कधी लावली नाही. माझ्यासोबतची मुलगी नंतर म्हणाली, ही बाई जरा नकारात्मकच आहे. मला उलट वाटलं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लेकराचा जीव धोक्यात असतो, हे त्या सुनेने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तिला पट्टीची आठवण होती. बाकीच्यांना त्या पट्टीचा अर्थच सांगितला गेला नव्हता. एखाद्या गावात आयांचं असमाधान वाढलं, तर ती अंगणवाडी बिघडली असं लगेच धरू नये. तिथल्या बाया मोजायला शिकल्या असतील.

आणि पाहणीत ज्यांचं नावच नसतं त्यांचं काय? गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरची बाई, दिवाळीनंतर कुटुंबासह कामाला बाहेर पडणारी आणि होळीला परतणारी मेळघाटातली आई, बाळंतपणाला माहेरी आलेली आणि दोन्ही गावांच्या यादीतून सुटलेली लेक. यांना विचारायला कुणी जात नाही, कारण यादी अंगणवाडीच्या वहीतून काढलेली असते. सेवा मिळालेल्यांचंच मत घेतलं, तर टक्का वर जाणारच.

आता मला ज्यावर सर्वांत जास्त बोलायचं आहे ते. आपल्या प्रश्नावल्या आईला दिलेल्या गोष्टींबद्दल विचारतात. तुला काय हवं होतं, असं विचारत नाहीत. वऱ्हाडातल्या मजूर बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. वेचणी किलोवर असते, जितकं वेचलं तितके पैसे. सकाळी आठ-नऊला वावरात गेलेली बाई दिवस मावळताना परत येते. जूननंतर निंदण, मग सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी, मग वेचणी. वर्षातले सहा-सात महिने हाच क्रम. अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना काही तास सांभाळते आणि दुपारी बंद होते. तीन वर्षांखालच्या बाळाला तर तिथे जागाच नाही. त्याच्या नावाने घरी न्यायचा आहार मिळतो, बस. ते बाळ म्हाताऱ्या आजीजवळ असतं, नाहीतर शाळा बुडवून घरी राहिलेल्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ, नाहीतर बांधावरच्या झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत.

पोषणाचं शास्त्र सांगतं की पहिली दोन वर्षं सर्वांत नाजूक. सहा महिन्यांनंतर आईचं दूध पुरत नाही, पोट लहान असल्यामुळे बाळ एका वेळी थोडंच खातं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, घट्टसर, भरवावं लागतं. अंगणवाडीत, गृहभेटीत, उष्टावणाच्या कार्यक्रमात हेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण ऐकणारी आई त्या चार-पाच वेळांपैकी तीन वेळा घरातच नसते. ती मान हलवते. तिच्या त्या मान हलवण्याची नोंद ‘समुपदेशन दिलं’ अशी होते. एका बाईने मला सरळ सांगितलं, “चारदा भरवा म्हणते. कोण भरवीन? मी भरवाले राहिली तर रोज कोण देईन?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, प्रश्नावलीत चौकटही नव्हती.

तिला पाळणाघर हवं होतं. तिने तो शब्द वापरला नाही, पण तिचं सगळं बोलणं तिथेच येत होतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात पाच किंवा जास्त लहान मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, अशी तरतूद केली होती. खाजगी वावरात तेवढंही नाही. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ या योजनेत ‘पाळणा’ नावाने अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय मांडलेली आहे. माझ्या मते कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात हंगामापुरती का होईना, ती आधी पोहोचायला हवी. पोषण आणि बालविकासाचे बाकीचे सगळे उपक्रम त्यानंतर. आई वावरात, बाळ झोळीत आणि पाकीट फळीवर अशी स्थिती असताना पाकिटात काय घालावं याची चर्चा दुय्यम आहे.

दुय्यम, तरी टाळता येणारी नाही. करोनाच्या काळात घरपोच कोरडा शिधा मिळायचा : गहू, डाळ, चणे, तिखट, हळद, मीठ. आया त्या शिध्यावर खरोखर खूश होत्या. आजही सांगतात, तेच बरं होतं. नंतर शिजवायच्या तयार मिश्रणांची पाकिटं आली आणि नाराजी सुरू झाली. इथे मला थोडं थांबावं लागतं, कारण आईचं समाधान आणि बाळाचं पोषण इथे एका रेषेत चालत नाही. डाळ घरात आली की ती सगळ्यांच्या भांड्यात पडते, बाळाच्या वाट्याला चमचाभर. पाकीट निदान बाळाच्या नावाचं असतं. आहारतज्ज्ञ पाकिटाची बाजू घेतात ते याचसाठी. पण बाळाने थुंकलेलं आणि बकरीने खाल्लेलं पोषण कुणाच्या वजनात मोजायचं? बाळाच्या पोटात उतरलेलाच आहार मोजावा, असं मला वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, गावातले महिला गट आणि मंडळं यांना काम द्या. 2019 मध्ये महाराष्ट्राच्या घरपोच आहाराच्या निविदाही त्या न्यायालयाने रद्द केल्या. ज्वारी, तूर, भुईमूग आणि गूळ या मुलखाला परके नाहीत. तालुक्याच्या बचत गटाने ते भाजून दळलं, तर चव ओळखीची राहील, आणि बिघडलं तर तक्रार करायला बाईला कुठे जायचं ते ठाऊक असेल.

आदिवासी भागातली अमृत आहार योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने 2015 मध्ये ती सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा बाईला दिवसातून एक चौरस गरम जेवण, पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळी. मेळघाटात एका अंगणवाडीत मी ते जेवण चालू असताना बसले होते. पाच-सहा बाया भिंतीला टेकून जेवत होत्या. घरी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरेल ते. इथे ताट तिच्या एकटीचं होतं आणि मागणारं दुसरं कुणी नव्हतं. बाया हळू जेवत होत्या, गप्पा मारत होत्या. समाधान पाहायचं असेल तर ते तिथे दिसत होतं, विचारावं लागलं नाही. भात कधी कच्चा राहतो, अंडी कधी येत नाहीत, ढाण्यावरून, म्हणजे लांबच्या वस्तीवरून, चालत यायला दूर पडतं, अशी कुरकुर होतीच. पण ती मोकळेपणाने, सेविकेच्या समोर होत होती, कारण सगळ्या एकत्र बसल्या होत्या. यवतमाळ-वर्ध्याच्या बिगरआदिवासी गावांतल्या शेतमजूर बाईलाही ते ताट का मिळू नये, याचं पटणारं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र आयांच्या समाधानावर डोळे मिटून विसंबू नये, असं मी म्हणेन. गावागावांतून सकाळी ऑटो भरून तीन वर्षांची लेकरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. आया सांगतात, तिथे एबीसीडी लिहून घेतात, अंगणवाडीत नुसतं खेळवतात. हातात पेन्सिल धरण्याची ताकद नसलेल्या बाळाकडून अक्षरं गिरवून घेणं हे शिक्षण नव्हे, आणि खेळ, गाणी, गोष्टी हेच त्या वयाचं शिक्षण, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दाखवून दिलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेण्याची कल्पना त्यांचीच. राज्याने अंगणवाडीसाठी आणलेला ‘आकार’ हा अभ्यासक्रमही खेळावरच उभा होता. पण आईला हे कुणी दाखवलं? तिला दिसतं ते एवढंच, की मुलं चटईवर बसली आहेत आणि बाई मोबाइलमध्ये माहिती भरते आहे. सेवाग्रामला 1945 मध्ये गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या परिषदेत शिक्षणाचा विचार गर्भापासून सुरू व्हावा असं ठरलं. त्यात आईचं शिक्षण आपोआप आलं. वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावरच्या गावांतही आज आईला अंगणवाडीच्या दारातून परत पाठवतात. महिन्यातून एक दिवस तिला आत बसवून मुलांचे खेळ दाखवले, तर तिची मागणी बदलेल. शहाण्या मागणीचं दडपण अंगणवाडीला सोसावं लागेल आणि ते सोसायलाच हवं.

मी सेविकेविरुद्ध लिहिते आहे, असं कुणी समजू नये. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारी अखेरपर्यंत चालला. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमध्ये माहिती भरायची, गृहभेटी करायच्या, मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंत सगळ्याला धावायचं. वर गावातली आई नाराज आहे असं कागदावर आलं, की नोटीस तिलाच मिळते. मग तिने आयांना आधी समजावून ठेवलं तर तिचं काय चुकलं? आईचं असमाधान हे सेविकेविरुद्धचा पुरावा म्हणून वापरलं जातं, तोवर दोघी मिळून खोटं उत्तर देतील. त्यांना एकमेकींसोबत गावात राहायचं आहे. पाकीट बेचव असेल तर तो दोष पुरवठ्याचा, काटा बिघडला असेल तर कार्यालयाचा, पाळणाघर नसेल तर धोरणाचा. आईची तक्रार त्या त्या पायरीपर्यंत चढली पाहिजे. सध्या ती अंगणवाडीच्या उंबऱ्यावरच अडते.

1 जुलै 2025 पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार घेताना आईच्या चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. आधारशी जोडणी, मोबाइलवर येणारा ओटीपी, मग फोटो. मोबाइल बहुधा नवऱ्याकडे, तो वावरात किंवा दुसऱ्या गावी. रेंज नसेल तर पुन्हा उद्या. वेचणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज गेला. चोरी थांबावी हा हेतू मला मान्य आहे, बोगस नावं असतात हेही खरं. पण चेहरा पटवायला एवढी यंत्रणा उभी राहू शकते, तर त्याच बाईला काय म्हणायचं आहे ते ऐकून घ्यायला का नाही?

ऐकण्याची पद्धत महाराष्ट्राने करून पाहिलेली आहे. 2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावकरी स्वतः सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचे, ते तक्ते गावात लावायचे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. अंगणवाडीसाठी तसंच करता येईल. विचारणारी बाई शेजारच्या गावातली असावी, अंगणवाडी चालवणाऱ्या विभागाची नोकर नसावी. विचारावं संध्याकाळी, आईच्या घरी. आणि ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी विचारावं : मागच्या आठवड्यात पाकीट कुणी खाल्लं? बाळाचं शेवटचं वजन किती भरलं, ते तुला सांगितलं का? सेविका घरी कधी आली होती, काय बोलली? तू वावरात असताना बाळाला कोण भरवतं? बेड्यावर, बाहेरून आलेल्या मजुरांच्या पालावर जाऊन हेच विचारावं. उत्तरांतून कुणाचं नाव कळता कामा नये.

मग ती उत्तरं महिला सभेत वाचावीत. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे, बहुतेक गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत अंगणवाडी हाच पहिला विषय ठेवता येईल. योजनाही त्याच तारखेला सुरू झाली होती. फक्त सभा सकाळी अकराला ठेवू नका. ते दिवस सवंगणीचे असतात. रात्री आठला ठेवा, जेवणं झाल्यावर, देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात, आणि लेकरांना सोबत आणू द्या.